डीएमडी असलेल्या मुलाची चिडचिड, दाखला आणि त्याच्या कानावर पडणारं बोलणं

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आठ वर्षांचा मुलगा, डीएमडी (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार), स्टिरॉइड सुरू झाल्यापासून चिडचिड, धाकट्या बहिणीवर हात उचलणं, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखणं, आणि पुढच्या महिन्यात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी बोलावणं. आमच्या घरात हे सगळं जवळपास याच वयात झालंय. माझा मुलगा आता दहावीत आहे, व्हीलचेअर वापरतो. फिजिओ, रात्रीचे स्प्लिंट, टूडी इको (हृदयाची तपासणी) यावर लिहीत नाही, ते तुमचं चालूच असणार. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न: चिडचिड होते म्हणून स्टिरॉइडची गोळी थोडे दिवस बंद करून बघू का? स्वतःच्या मनाने अजिबात नको. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक थांबवलं तर मूल गंभीर आजारी पडू शकतं. मात्र न्यूरॉलॉजिस्टना हे सांगाच. डोस, वेळ, औषध बदलण्याचे पर्याय त्यांच्याकडे असतात. नुसतं ‘चिडतो’ म्हणू नका, किती वाजता, कशावरून, झोप कशी लागते, हे वहीत टिपून न्या.

शिवाय सगळं गोळीवर ढकलू नका. डिस्ट्रोफिन, म्हणजे या आजारात शरीर बनवत नाही ते प्रथिन, स्नायूंप्रमाणे मेंदूतही लागतं, त्यामुळे या मुलांपैकी बऱ्याच जणांना लक्ष टिकवणं आणि ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं जड जातं. ‘दप्तर ठेव, हात धू, डबा घासायला टाक’ असं एका दमात सांगितलं की आमचा फक्त डबा टाकायचा आणि बाकीच्यासाठी बोलणी खायचा. एका वेळी एकच गोष्ट सांगायला लागल्यावर घरातली निम्मी भांडणं मिटली.

आता दाखल्याचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण माझ्या मुलाचं सगळ्यात जास्त नुकसान आजाराने नाही, त्या एका सकाळने केलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. भरलेल्या हॉलमध्ये त्याला जमिनीवर बसून उठायला लावलं. तुम्हाला माहीतच आहे ही मुलं कशी उठतात. आधी ओणवं होऊन, मग गुडघ्यावर हात, मांडीवर हात, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं. रांगेतली माणसं बघत होती. तो अजून पँट सावरत होता, तेवढ्यात टेबलामागच्या माणसाने फाइलमधून मान वर न करता मला विचारलं, ‘किती वर्षं काढेल म्हणालेत डॉक्टर?’ आणि शेजारच्याला म्हणाला, ‘ही पोरं फार जगत नाहीत.’ वर दाखला तात्पुरता दिला, म्हणजे मुदत संपल्यावर पुन्हा तेच.

त्यानंतर मुलगा दिवा लावूनच झोपायला लागला. शाळेत बोलेना. बऱ्याच दिवसांनी एका रात्री त्याने विचारलं, ‘मी दादाएवढा तरी होईन ना?’ दादा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, कॉलेजात होता. सात-आठ वर्षांचं पोर हे एकटंच उराशी धरून बसलं होतं. आजही आठवलं की माझा संताप होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्पष्ट नमूद आहे. दाखला हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी त्याने चारचौघांत स्वतःचं आयुष्य मोजून घ्यायचं कारण नाही.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही असं केलं. मुलगा बाबांबरोबर बाहेर थांबला, मी एकटी आधी आत गेले. जनुक तपासणीचा रिपोर्ट आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र वर ठेवलं, म्हणजे तोंडी इतिहास सांगावा लागत नाही. सोबत चिठ्ठी दिली: ‘मुलाला आजाराच्या पुढच्या टप्प्यांची पूर्ण माहिती नाही. त्याच्यासमोर त्याविषयी बोलू नये आणि तपासणी पडद्याआड करावी, ही विनंती.’ डॉक्टरांनी वाचली आणि पाळली. सगळीकडे पाळतील याची खात्री देऊ शकत नाही, पण लेखी कागद समोर असला की माणूस जपून बोलतो.

तुम्ही लिहिलंय की त्याला अजून काही सांगितलेलं नाही. इथे काही जणांना पटणार नाही, पण माझं ठाम मत आहे की त्या तारखेआधी सांगा. सगळं नाही, तो विचारेल तेवढंच. मी म्हटलं होतं, ‘तुझ्या स्नायूंना लागणारं एक प्रथिन तुझं शरीर बनवत नाही, म्हणून पाय दमतात. तू काही केलंस म्हणून नाही, कुणाचीच चूक नाही.’ दादाएवढं होण्याच्या प्रश्नाला ‘हो, आपण त्यासाठीच औषधं घेतोय’ म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. हृदयाची औषधं आणि श्वासाचा आधार वेळेवर मिळाला तर आज अनेक जण तिशीपर्यंत आणि पुढेही जातात.

‘कुणाचीच चूक नाही’ हे घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा. ‘तुझ्या माहेरचं आलंय’ हे वाक्य आमच्याकडे जेवताना यायचं आणि मुलगा ताटावरून उठायचा. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहकसुद्धा (म्हणजे तो बदल पुढे देणारी) नसते. आणि असली तरी तिने काय केलं? आपल्यावरून भांडण होतं एवढंच मुलाला कळतं.

शाळेबद्दल एकच सांगते, पोटदुखीला नाटक समजू नका. आमचा शाळेत पाणीच प्यायचा नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात बसला की उठता यायचं नाही आणि कुणाला हाक मारायची लाज. बाटली भरलेलीच परत यायची, ती बघून मला शंका आली. कमोड असलेलं शौचालय, तळमजल्यावर वर्ग आणि हाक मारायला त्याने स्वतः निवडलेला एक मित्र, एवढं मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. आमच्याकडे पोटदुखी त्यावरच थांबली. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, पण बाटली बघा.

हे सगळं करूनही तो गप्पच राहिला, झोप-जेवण उडालं किंवा जगण्यामरण्याचं बोलायला लागला, तर थांबू नका, मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि स्टिरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तो तुमच्यासाठीही आहे. आणि दाखल्याच्या वेळी द्यायच्या त्या चिठ्ठीवर तुमच्या डॉक्टरांची सही घेता आली तर घ्या, वजन पडतं.