आमच्या कामवाल्या मावशी दर महिन्याला ॲडव्हान्स मागतात. गरिबांना पैशाचं नियोजन का जमत नाही?

हे "नियोजन जमत नाही" लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून लिहितेय.

आम्ही इंदूरचे, परदेशीपुऱ्यातले. बाबा कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडली, देणी अडकली आणि घर आईच्या शिलाई मशीनवर आलं. रेडिमेडवाल्याचा माणूस कापलेल्या फ्रॉकचे गठ्ठे टाकून जायचा. पैसे नगामागे, तेही माल उचलल्यावर. कधी त्याच संध्याकाळी, कधी चार दिवसांनी. पैसे आले की मी बाटली घेऊन किराणावाल्याकडे. पावभर तेल, चहाची पुडी, कपड्याच्या साबणाची अर्धी वडी. ती तो दोरा ओढून कापायचा आणि पूर्ण वडीच्या निम्म्याहून जास्त पैसे घ्यायचा.

धाकटे काका सरकारी नोकरीत. दर दिवाळीला आईला ऐकवायचे, "वहिनी, तेलाचा डबा घेत जा, स्वस्त पडतो." स्वस्त पडतो हे आईला कळत नव्हतं का? १५ किलोच्या डब्याचे पैसे एकरकमी आणायचे कुठून? आजारपण आलं की तिचं मंगळसूत्र गहाण पडायचं, शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. काकांना ऑफिसच्या सोसायटीतून याच्या निम्म्याहून कमी व्याजानं कर्ज मिळायचं. गरिबाची बचत जाते ती या फरकात.

आणि आई साठवत नव्हती हे तर साफ खोटं. गल्लीतल्या बायकांची बीसी, म्हणजे आपली भिशी, होती, तिनं एकदाही हप्ता चुकवला नाही. माझी बी.कॉम.ची फी त्याच बीसीतून भरली, काकांकडून नाही.

आमची मिल वेगळी, पण इथल्या हुकुमचंद मिलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. घामाचा पैसा ३२ वर्षं अडकतो तेव्हा नियोजन कोणाचं चुकलं, हे काकांनी कधी विचारलं नाही.

दारूत पैसा उडवणारी घरं आमच्या गल्लीतही होती, लग्नासाठी कर्जात बुडालेलीही. नाही म्हणणार नाही. पण तशी माणसं काकांच्या ऑफिसातही होती. एक तारखेला पगार यायचा, म्हणून त्यांचं झाकून जायचं.

तुमच्या मावशींचं घर मला माहीत नाही. पण ॲडव्हान्स द्या आणि तीन-चार महिन्यांत थोडा थोडा कापा. एकदम कापलात तर पुढच्या महिन्यात त्या पुन्हा मागणारच. पगार ठरल्या तारखेला द्या, आजारपणाचे खाडे कापू नका. आणि तेलाचा डबा घ्यायला सांगायचाच असेल तर त्याचे पैसे आधी हातात ठेवा.