मंडळीच्या पैशात अफरातफर केली, उघडकीस आली. देव माफ करतो का, आणि मंडळीत परत उभं राहता येतं का?

भाऊ, प्रश्न लांब आहे तुमचा, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. पांढरकवड्याकडचं खेडं, पंधरा-वीस घरांची मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद), तुम्ही तिचे खजिनदार. चर्चवर नव्या टिना टाकायला पैसे जमत होते. त्यातले चाळीस हजार तुम्ही पेरणीला आणि पोरीच्या फीला उचलले. कापूस विकला की गुपचूप भरून टाकू, असा बेत होता. कापूस पावसात गेला. मग वहीत खोटी बाकी लिहिली आणि वार्षिक सभेत ती पकडली गेली. निम्मे पैसे फेडलेत. तेव्हापासून चर्चची पायरी चढला नाहीत, आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) घरी आले तर तुम्ही मागच्या दारानं वावरात निघून गेलात.

मी दारव्ह्याकडचा, निवृत्त मास्तर. पाळक नाही, पण मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे अशी प्रकरणं निवाडा करणाऱ्यांत बसून पाहिली आहेत. निवाडा करणारेही काही कमी चुकत नाहीत, ते पुढे येईलच.

पण आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं बोलू. 'कधी कधी वाटते, संपवून टाकावं सगळं' असं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. मला तसं निघून जाता येत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य हलक्यात घ्यायची सोय राहिलेली नाही. आज रात्रीच वहिनींना ते सांगा, जसं मला लिहिलं तसंच. घरात फवारणीचं औषध असेल तर ते शेजाऱ्याच्या कोठ्यात ठेवायला द्या. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. देवावर विश्वास असलेल्या माणसानं तिथे फोन करू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. देव माफ करतो का? करतो. बायबलात योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे, आपण आपली पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो. तिथे अट एकच आहे, पदरी घेण्याची. रक्कम किती, फेडली किती, गावात चर्चा किती झाली, याचा तिथे उल्लेख नाही. निम्मे फेडले म्हणून निम्मी माफी, असं काही नसतं. तुम्ही एकांतात देवापुढे हे कबूल केलं असेल (आणि तुमच्या लिहिण्यावरून ते केलंय असं दिसतं), तर त्या बाजूनं तुमचं खातं मिटलेलं आहे. रोज रात्री तेच परत उकरून काढण्यात भक्ती नाही.

मग तरी मोकळं का वाटत नाही? कारण दुसरा प्रश्न मंडळीचा आहे, आणि तो देवाबरोबरच्या हिशोबानं आपोआप सुटत नाही. इथे बरेच प्रचारक लोकांची दिशाभूल करतात. 'प्रभूनं धुऊन टाकलं, आता मागचं काढू नका' असं म्हणून माणसाला पुढच्या रविवारी माईकसमोर उभं करतात. ज्यांच्या घामाच्या दहा-वीस रुपयांतून ते चाळीस हजार जमले होते, त्या बाया खाली सतरंजीवर बसून ऐकत असतात. त्यांच्या मनात काय चाललं असेल?

दावीद राजाचं पाहा. दुसऱ्याची बायको बथशेबा त्यानं आपलीशी केली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, त्या प्रकरणानंतर नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर सुनावलं, दावीद म्हणाला मी पाप केलं, आणि नाथानानं तिथल्या तिथे सांगितलं की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं. सगळं एका श्वासात. पण त्याचे परिणाम दावीदाच्या घराला पुढे कितीतरी वर्षं भोगावे लागले. दोन्ही खरं आहे. आणि त्यानं जे ५१वं स्तोत्र म्हटलं ते एकदा या नजरेनं वाचा, त्यात कारण एकही नाही. ती गच्चीवरून दिसली म्हणून, मी राजा होतो म्हणून, असं अवाक्षरही नाही.

तुमच्या प्रश्नात मात्र कारणंच जास्त आहेत, भाऊ. पाऊस, बोंडअळी, फी, बँकेनं कर्ज नाकारलं. सगळी खरी असतील. मीही कास्तकाराच्याच घरचा आहे, ती मला परकी नाहीत. पण मंडळीसमोर बोलाल तेव्हा ती घरी ठेवून जा. एवढंच बोला: 'मी पैसे घेतले. विचारून घेतले नाहीत. वहीत खोटं लिहिलं. इतके दिले, इतके बाकी आहेत, ते मी देणार आहे. मला माफ करा.' आणि खाली बसा. कोणाला कारण माहीत नाही असं नाही, त्यांच्याही वावरात तोच पाऊस पडला. ते कारण त्यांना तुमच्यासाठी बोलू द्या. तुम्ही स्वतः बोललात की तो बचाव होतो.

पैशाचं. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आणि गणनेच्या पाचव्या अध्यायात नियम स्पष्ट आहे, मुद्दल पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे तुमच्या चाळीसवर आठ हजार. यरीहोचा जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. मात्र त्याच्या गोष्टीतला क्रम नीट पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, सगळं गाव कुरकुर करतं, आणि त्यानंतर जक्कय पैशाची गोष्ट काढतो. परतफेड ही माफीची किंमत नव्हती, माफीचा आनंद होता तो. जुन्या नियमाचा तो पाचवा हिस्सा आपल्याला बंधनकारक नाही, देता आला तर द्या. आधी मुद्दल. आणि ते मुद्दल फेडण्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. वहिनींच्या नावावर बचत गटातून कर्ज काढू नका, बैल विकू नका. कमिटीला लिहून द्या, कापूस जिनिंगला गेला की इतके, तुरी विकल्या की इतके. प्रत्येक हप्त्याची पावती मागून घ्या. पावती मागायची लाज वाटेल, तरी घ्या. हप्ता लहान असला तरी चालेल, चुकवू नका.

आता मला ज्याच्यासाठी एवढं लिहायचं होतं ते. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा एकाच रात्री पडले. एकानं येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, एकानं त्याला तीस नाण्यांना विकलं. आपण समजतो की पेत्राला पश्चात्ताप झाला आणि यहूदाला झाला नाही. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघडा. यहूदालाही पस्तावा झाला. मी पाप केलं असं त्यानं तोंडानं कबूल केलं, आणि पैसे तर पूर्ण तीसच्या तीस परत केले. पण गेला कोणाकडे? ज्यांनी सौदा केला त्या याजकांकडे. त्यांनी सांगितलं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. आणि तो एकटाच निघाला. पेत्र रडला, पण परत त्याच लोकांत जाऊन बसला ज्यांच्यासमोर 'सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही' अशी फुशारकी मारली होती. किती जड गेलं असेल ते! रविवारी सकाळी येशूच्या कबरेकडून त्याची शिष्या मरीया मग्दालिया धावत आली तेव्हा तो त्यांच्यात सापडला. मार्काच्या शुभवर्तमानात तर कबरेतला तरुण बायांना मुद्दाम नाव घेऊन सांगतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पुढे तो मासे धरायला निघाला तर बाकीचे म्हणाले, आम्हीही येतो.

आणि मग मेलेल्यांतून उठलेला येशू त्यांना भेटला ती सरोवराकाठची सकाळ. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला. ज्या रात्री नाकारलं त्या रात्रीही पेत्र कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता, योहानानं दोन्ही वेळा ते टिपलंय. येशूनं आधी सगळ्यांना भाकर आणि मासळी खाऊ घातली. पोट भरल्यावर विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. तीनदा. आणि सगळ्यांच्या देखत, कारण नाकारणंही लोकांच्या देखत झालं होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ते दुखणारच होतं. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम मिळालं: माझी कोकरं चारत जा, माझी मेंढरं पाळ. (हाच पेत्र नंतर अंत्युखियात परत घसरला आणि प्रेषित पौलानं त्याला तोंडावर अडवलं, गलतीकरांच्या पत्रात आहे. एकदा उभा राहिलेला माणूस पुन्हा अडखळतच नाही, अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका.)

तुम्ही पैसे निम्मे फेडले, हे चांगलं केलं. पण वावरात पळालात, ते काही बरं नाही.

आमच्याकडचं एक सांगतो. मंडळीत संडे स्कूल (पोरांचा बायबलचा वर्ग) घेणारा एक जण दारूला लागला आणि बायकोवर हात टाकू लागला. त्याला शिकवण्यावरून काढलं, ते बरोबर केलं. पण कमिटीतले दोघं त्या बाईकडे जाऊन 'ख्रिस्ती बाई आहेस, माफ कर आणि नांदायला जा' म्हणून बसले. हे साफ चुकीचं होतं. ती म्हणाली, 'माफ केलं जी, पण येत नाही.' आणि ती माहेरीच राहिली, तो दारू सोडून टिकून दिसेपर्यंत. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तिलाच बायबल सर्वांत जास्त कळलं होतं. तो माणूस उपासनेला मात्र येत राहिला, मागे दाराशी बसायचा. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी उपासनेनंतर सतरंज्या झटकून गुंडाळायचा आणि कपाटात ठेवायचा. पोरं त्याच्याशी बोलायला कचरायची. मग एका सुगीच्या उपासनेला अर्पणात आलेल्या मालाचा लिलाव सुरू झाला. कोहळं, तुरीची पायली, कोणीतरी आणलेला कोंबडा. कोंबडा सुटला आणि बाकड्यांखालून पळाला. त्याच्यामागे हा आणि पाच-सहा पोरं. धरून आणला तेव्हा सगळ्यांच्या कपड्यांना धूळ आणि सगळे हसत होते. त्या दिवसापासून पोरं त्याला परत काका म्हणू लागली. संडे स्कूल त्याला आजही दिलेलं नाही. त्यानंही मागितलेलं नाही.

मंडळीचीही जबाबदारी आहे, आणि ती तुमच्या पाळकांना दाखवायला मी इथे लिहून ठेवतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एका चुकलेल्या माणसाबद्दल म्हणतो, बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. पाळकांनी एकदा येऊन मग यायचं सोडलं असेल तर त्यांनी परत यावं. आणि अर्पणाची थैली, वही आणि रोख रक्कम एकाच माणसाच्या घरी ठेवणारी मंडळीही शहाणी म्हणता येत नाही. मोजायला दोघं, बँकेत खातं, दोन सह्या. हे मात्र तुम्ही सभेत बोलू नका, मी बोलतो.

एकट्यानं दारातून आत जाणं जमत नसेल तर कोणाला तरी सोबत घ्या. पौलाच्या प्रचारफेरीतून तरुण सोबती योहान मार्क पंफुल्याहून अर्ध्यावर परतला होता, म्हणून पौलानं त्याला पुन्हा न्यायला साफ नकार दिला. पौलाचा सहकारी बर्णबा यानं भांडण पत्करून त्याला कुप्रास नेलं. उतारवयात तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. तुमच्या गावात असा एखादा बर्णबा असेल. बहुधा सभेत ज्यानं सर्वांत कमी तोंड उघडलं तो.

काहींनी तुम्हाला शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मंडळीत जायचा सल्ला दिलाय. जाऊ नका. तिथे तुम्ही कोणीतरी नवे असाल, आणि जुनं कधी बाहेर येतं या धाकात बसाल. टोमणे ऐकावे लागतील, ते आपल्याच मंडळीत ऐका. खजिनदारी परत मागू नका. उद्या त्यांनी प्रेमानं देऊ केली तरी नाही म्हणा, दुसरं काम मागा.

आणि हो, एक राहिलंच. तुम्ही लिहिलंय की वहिनी दर रविवारी एकट्या जातात. म्हणजे त्या सभेनंतर मंडळीच्या नजरा आजवर त्यांनी एकटीनं झेलल्या. पूर्ण प्रश्नात त्यांच्याबद्दल एवढी एकच ओळ आहे. पैसे उचलले तेव्हा त्यांना सांगितलं होतं का? नसेल तर मंडळीच्या आधी माफी त्यांची मागा.