पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही

प्रश्न : सर, आम्ही शिरोळ तालुक्यातले, नदीकाठाला ऊस आहे. बोअरचं पाणी तपासलं तर नायट्रेट 82 आलंय. नातू तीन महिन्यांचा आहे, वरच्या दुधावर, पावडर त्याच पाण्यात कालवतो पण पाणी चांगलं वीस मिनिटं उकळून घेतो. चालतंय का? मालक आडसाली उसाला (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) एकरी 12 पोती युरिया टाकतात, त्याचा काही संबंध आहे का? रानात पांढरा थर पण यायला लागलाय, दुकानदार म्हणतो जिप्सम टाका.

उत्तर : काकू, आधी बाळाचं बोलू, ते पाणी आजच बंद करा. उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं ते कुठं जात नाही, उलट पाणी आटेल तसं लिटरमागं वाढतंच. आपल्याकडं पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तुमचं जवळपास दुप्पट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि मग रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईना होतं. ओठ, नखं निळसर दिसली, बाळ मलूल पडलं, धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यातल्या कशानंही नायट्रेट निघत नाही. आरओनं निघतं, पण मशीन बसवलं म्हणजे झालं असं नको, त्यातनं आलेलं पाणी परत लॅबला द्या. तोवर नायट्रेट कमी असल्याचा रिपोर्ट असलेलं दुसरं पाणी आणा आणि ते उकळून वापरा. सूनबाईंना अंगावर दूध येत असेल तर तेच पाजा, आईनं प्यालेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही.

आता युरिया. संबंध आहे, आणि मोठा आहे. आडसालीला शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी 160. युरियात नत्र 46 टक्के, 45 किलोच्या पोत्याचा हिशोब केला तर एकरी पावणेआठ पोती होतात, तीसुद्धा डीएपी खतातलं नत्र न धरता. तुमच्याकडं 12 जातात! रानात युरियाचं शेवटी नायट्रेट होतं, आणि आपली काळी माती कितीही चिकट असली तरी ते धरून ठेवत नाही, वरनं मोकळं पाणी सोडलं की ते खाली झिरपतं आणि तुमच्याच बोअरला येतं. मालकांना सांगा, लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) 40 असं वाटून द्या, ठिबक असेल तर त्यातनं अजून थोडं थोडं. आणि डोस दिल्यावर लगेच पाट भरून पाणी नको.

पांढरा थर ही मात्र पाण्याची करणी, एकट्या खताची नव्हे. रान चिबडलं (पाणी साचून सतत ओलं राहिलं), खालचं पाणी वर आलं, ते उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. नुसती क्षारपड असेल तर जिप्सम टाकून पैसे वाया, तिथं चर किंवा जमिनीखालनं निचऱ्याचे पाइप लागतात आणि मग चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे. मातीचा सामू (pH) साडेआठच्या वर असेल, सोडियम वाढून रान चोपण (कडक, पाणी न मुरणारं) झालं असेल तरच जिप्सम, तेही निचरा झाल्यावर. माती तपासल्याशिवाय दुकानदाराला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : कोल्हापुरी गूळ जितका पिवळा तितका चांगला का? आईला दमा आहे.

उत्तर : नाही ओ. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ सहसा तांबूस-तपकिरी असतो. पिवळाधमक रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरनं (रंग उजळणारं गंधकाचं रसायन) आणलेला असतो, तिचा गंधकाचा अंश गुळात राहतो आणि दम्याच्या काही पेशंटना त्यानं धाप लागू शकते. आईंसाठी गडद गूळच घ्या, ओळखीच्या गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ उभं राहून घेतला तर उत्तमच.