आजीचं बायबल की सोपं भाषांतर?

प्रश्न : घरी आजीचं जुनं मराठी बायबल आहे, पण भाषा जड जाते. रोजच्या अभ्यासासाठी कोणतं भाषांतर घेऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजीची प्रत बाजूला ठेवू नका, तिच्या जोडीला सोप्या मराठीतली एक घ्या. सोपं भाषांतर ओघात वाचता येतं, पण अवघड शब्द उलगडताना भाषांतरकार एकच अर्थ निवडतो. शब्दाला धरून चाललेलं भाषांतर अर्थाची ती निवड वाचकावर सोडतं. मत्तय ५:३ (मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय ५, वचन ३) मधलं ‘आत्म्याने दीन’ पाहा. इथला मूळ ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ अगदी कंगाल, हात पसरणाऱ्या माणसासाठीचा आहे. तुमच्या दोन्ही प्रतींत तिथं काय आहे ते वहीत शेजारी-शेजारी लिहा.

दुकानात प्रत चाळताना मार्क १६:९-२०, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, उघडा. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी दोन महत्त्वाच्या प्रतींत ही वचनं नाहीत. तशी तळटीप असलेली प्रत अभ्यासाला उत्तम.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला घेतलं की बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात. मार्कपासून सुरू करा : १६ अध्याय, रोज एक. आधी सोप्या प्रतीत पूर्ण अध्याय वाचा, मग अडलेली वचनंच आजीच्या प्रतीत पाहा.