नांत ते बुडापेस्ट सायकलप्रवासासाठी सायकल कोणती असावी?

आपण विचारले आहे की, पुढच्या उन्हाळ्यात युरोव्हेलो ६ या सायकलमार्गाने फ्रान्समधल्या नांतपासून बुडापेस्टपर्यंत तंबू आणि स्वयंपाकाचे सामान घेऊन जायचे असेल, तर सध्याची ॲल्युमिनियमची हायब्रिड (डांबरी रस्त्यावर आणि साध्या कच्च्या वाटेवरही चालणारी सायकल) विकून स्टीलची टूरिंग (ओझे घेऊन लांबच्या प्रवासाची) सायकल घ्यावी की ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यांवरही चालणारी, रेसिंगसारखी सायकल). माझे मत असे की दोन्ही घेऊ नयेत. आपल्या हायब्रिडला पुढे ४८-३८-२८ दातांच्या तीन चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चाके) आहेत, मागे ११ ते ३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आहे आणि कॅरिअर व मडगार्ड बसवायला फ्रेमवर भोके आहेत. या प्रवासाला लागणारी सायकल आपल्याकडे जवळजवळ तयार आहे. खर्च करायचाच तर तो मागच्या चाकावर करावा.

सायकल निवडताना आधी मार्ग पाहावा, मग ओझे, आणि सगळ्यात शेवटी दुकानातले मॉडेल. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतचा हा संपूर्ण मार्ग सुमारे ४,४५० किलोमीटरांचा आहे आणि आपल्या टप्प्यात तो बहुतेक वेळ पाण्याचा काठ सोडत नाही: आधी लोआर नदी, मग कालवे, दू नदीचे खोरे, बाझेलपासून ऱ्हाइन आणि पुढे डॅन्यूब. रस्ता कुठे डांबरी तर कुठे बारीक खडी दाबून केलेला असतो आणि गावांच्या जुन्या भागांत दगडी फरसबंदी लागते. वाळवंटे आणि डोंगर पार करण्यासाठी बनवलेली जड सायकल इथे विनाकारण ओढावी लागते.

मात्र मार्ग सपाट आहे म्हणून गिअरकडे दुर्लक्ष करू नका. ऱ्हाइनचे खोरे सोडून डॅन्यूबच्या खोऱ्यात शिरताना दोन्ही नद्यांमधला जलविभाजक ओलांडावा लागतो. बोडेनझे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३९५ मीटरांवर आहे, तर डॅन्यूबकाठचे टुटलिंगन सुमारे ६४५ मीटरांवर, आणि मधली धार त्याहूनही उंच आहे. चढ लांबीला फार नसला तरी मागे पंचवीस किलोंचे ओझे असते.

इथे थोडा हिशेब करून पाहू. पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरवले, तर पुढे ३४ आणि मागे २८ दात असलेली रेसिंग सायकल ताशी साधारण ९.३ किलोमीटर वेगाने जाते आणि त्याहून सावकाश चालवायची तर पाय रेटून मारावे लागतात. आपल्या हायब्रिडचा सर्वांत हलका गिअर, म्हणजे २८ ला ३२, त्याच लयीत ताशी सुमारे ७ किलोमीटर देतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११५ किलो वजन आठ टक्के चढावर नेताना केवळ उंची चढण्यासाठी पहिल्या स्थितीत सुमारे २३० वॅट लागतात, तर दुसऱ्या स्थितीत १७५ च्या आसपास. सामान्य प्रकृतीच्या माणसाला हा फरक गुडघ्यांत जाणवतो. मागची कॅसेट ११ ते ३४ दातांची करून घेतली तर आणखी थोडी सवड मिळते. आपला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतो का, एवढे सायकलवाल्याकडून तपासून घ्या. पुढे एकच चेनरिंग असलेल्या ग्रॅव्हल सायकलींत ४० ला ४२ ही जोडी बरीच दिसते आणि ती ओझ्यासह आपल्या हायब्रिडपेक्षा जड पडते.

ग्रॅव्हलबाबत माझी दुसरी हरकत मागच्या नळीच्या लांबीची आहे. या सायकलींचा चेनस्टे, म्हणजे पॅडलच्या आसाकडून मागच्या आसाकडे जाणारी नळी, बहुधा ४२० ते ४३५ मिलिमीटर असतो, तर टूरिंग सायकलींचा ४५० च्या आसपास. लहान चेनस्टेवर पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना टांगायच्या पिशव्या) लावले की पाय मागे येताना टाच पिशवीला घासते आणि पिशवी मागे सरकवली तर वजन मागच्या आसापलीकडे जाऊन पुढचे चाक हलके होते. आपल्या सायकलीला भरलेले पॅनिअर लावून, प्रवासात घालणार तेच बूट घालून पॅडल फिरवा. टाच आणि पिशवी यांच्यात दोन बोटे जागा राहिली पाहिजे.

आता मागचे चाक. लांबच्या प्रवासात फ्रेम क्वचितच दगा देते. तुटतात ते मागच्या चाकाचे आरे, आणि तेही बहुधा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळच्या, वाकात. प्रत्येक फेरीत आऱ्यावरचा ताण कमी होतो व पुन्हा वाढतो आणि ताण आधीच सैल किंवा असमान असेल तर धातू तिथे थकतो. आरा चेनच्या बाजूचा असेल तर कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. म्हणून सध्याच्या ३२ आऱ्यांऐवजी ३६ आऱ्यांचे चाक दुहेरी भिंतीच्या रिमवर चांगल्या कारागिराकडून हाताने बांधून घ्या, आणि त्याच मापाचे चार आरे व कॅसेट काढायचे हत्यार सोबत ठेवा. टायर फ्रेममध्ये मडगार्डसह मावत असतील तर ४० मिलिमीटरचे, पंक्चररोधक पट्टीचे असावेत.

स्टीलची फ्रेम कुठल्याही खेड्यात वेल्डिंग करून मिळते, हा युक्तिवाद मध्य आशियासाठी ठीक आहे. लोआर आणि डॅन्यूबच्या काठी सायकलची दुकाने जागोजागी आहेत. ब्रेक चांगल्या स्थितीत असले की व्ही-ब्रेक आणि डिस्क दोन्ही चालतात. दिव्यांची मात्र काळजी घ्या, कारण जर्मनीत नियमांत बसणारे, मान्यताचिन्ह असलेले दिवे लागतात. पुढच्या चाकात हब-डायनॅमो (चाक फिरताना वीज तयार करणारा हब) बसवला तर दिवा आणि फोन दोन्हींची सोय होते.

आपल्या पत्नीसाठी ई-बाइक इथून नेण्याचा विचार आपण लिहिला आहे, तो सोडून द्यावा लागेल. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही आणि ई-बाइकची बॅटरी बहुधा ४०० च्या पुढे असते. त्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतच सोबत येणार असतील, तर सव्वातीनशे किलोमीटरांच्या या टप्प्यासाठी पासाऊत सायकल भाड्याने घेणे उत्तम. त्यांना जर्मनीतून आयसीई (ICE) या वेगवान रेल्वेगाडीने तिथे पोहोचायचे असेल आणि आपली सायकल बरोबर असेल, तर सायकलच्या जागेचे आरक्षण आधीच करा. ICE-4 गाडीत अशा जागा आठच असतात.

चाक जानेवारीतच बांधून घ्या. आपण पुण्यात आहात, तेव्हा सगळे सामान लादून सिंहगडाचा गाडीरस्ता चढून या. सर्वांत हलका गिअर पुरतो की नाही, हे तिथे कळेल. दोनतीनशे किलोमीटर झाल्यावर नव्या आऱ्यांचा ताण तपासून चाकाचा आउट पुन्हा काढून घ्या आणि सायकल त्यानंतरच खोक्यात भरा. खोके आणि सायकल मिळून वजन विमान कंपनीच्या मर्यादेत बसते का, ते तिकीट काढण्यापूर्वी पाहा. पॅनिअरमधले जड सामान त्यात कोंबण्याचा मोह टाळा. पॅडल काढताना डावीकडच्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवून पाना लावा.