पहिला धूमकेतू बघायचाय? आधी क्षितिज शोधा

टेलिस्कोप घ्यायची घाई करू नका. त्यातून आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो आणि धूमकेतूची शेपटी त्यात मावत नाही. ७×५० किंवा १०×५०चा (म्हणजे ७ किंवा १० पट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर घ्या, सुरुवातीला तोच उत्तम.

खरी मेहनत जागेसाठी करा. धूमकेतू सूर्याजवळ आला की उजळतो, म्हणून तो बहुतेकदा संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, अगदी खाली असतो. त्या दिशेला इमारत, झाड, डोंगर काही नको. दिवसाउजेडी जाऊन जागा बघून या. एखादी ठळक खूणही हेरून ठेवा: ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू संध्याकाळी दिसू लागला, तेव्हा शुक्र सापडला की त्याच्या उजवीकडे शोधायचं, एवढं पुरेसं होतं.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- फोटोतल्यासारखी झगमगती शेपटी शोधतात. डोळ्यांना फिकट, धुरकट पट्टाच दिसतो. बातमीतली प्रत (तेजस्वितेचा आकडा) वाचून तेवढ्या तेजस्वी ताऱ्यासारखा ठिपकाही शोधू नका, कारण धूमकेतूचा तोच प्रकाश मोठ्या भागात पसरलेला असतो.
- तो उल्केसारखा सर्रकन जाईल असं समजतात. तो ताऱ्यांसारखाच हळूहळू मावळतो.
- मोबाइल बघत राहतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात.

आणि हे कटाक्षाने पाळा: सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर डोळ्याला लावायचा नाही. पहाटे बघत असाल तर सूर्योदयाआधीच खाली ठेवा.

फोटोग्राफीचं नंतर बोलू. एका संध्याकाळी ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, चांगला धूमकेतू बरेच दिवस दिसतो.