टॅरो सुरू करतेयस? आधी हे ठरव

अगं, वाचन (म्हणजे ग्राहकाच्या प्रश्नावर टॅरोची कार्डं काढून अर्थ सांगणं), क्लास, लेख आणि व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं एकदम काढू नकोस. पहिलं वर्ष फक्त वाचन. ७८ कार्डं हाताखालून गेल्याशिवाय शिकवणार काय?

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रात्री अकराला "ताई, एकच प्रश्न" आला की फुकट उत्तर देतात. मग तो एक प्रश्न लग्नापासून फ्लॅटच्या ताब्यापर्यंत जातो! वेळ घेऊनच वाचन, ग्रुपवर नाही, हे आधीच लिहून टाक.
- लेखात ग्राहकाची गोष्ट नाव बदलून छापतात. कोथरूडमध्ये ओळख पटायला नाव लागतं होय?
- आजारावर बोलतात. ते डॉक्टरांचं काम. शिवाय २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, वाचून ठेव.

वाचनाच्या दिवशी लिहायला बसू नकोस, डोकं चालत नाही. क्लासचं पुढच्या वर्षी बोलू.